आजीच्या उंचीचा ओटा

आई,

आजीनं नव्या ओट्यापुढे उभं राहून, शेगडी जिथं येणार होती तिथं हात नेऊन पाहिला आणि तिचं कोपर कानाला लागलं, त्या क्षणी माझं सगळं बदललं. बाकी मोठं काही घडलं नाही. भिंतींना अजून रंग नव्हता, खिडकीला पल्ले नव्हते, ओट्यावर चिमणीनं घाण करून ठेवली होती. तुझी आई त्या ओट्यासमोर मास्तरच्या टेबलापुढे उभ्या केलेल्या पहिलीतल्या पोरीसारखी दिसत होती. मग तिनं मला एक विचारलं. पण ते पुढं सांगतो. आधी हे घर आलं कुठून ते तुला कळायला हवं, कारण तू होतीस तेव्हा आपल्या सिंदी मेघेच्या घरामागं नुसती मोकळी सांदवाडी होती. तुझी कपडे वाळवायची तार होती, वांग्याची झाडं होती, आणि शेजाऱ्यांच्या कोंबड्या होत्या, ज्यांच्यावर तू चप्पल फेकायचीस.

तू एकुलती एक लेक. तू गेल्यावर तळेगावात आजा-आजी दोघंच राहिले. आजानं संत्र्याची बाग ठेक्यानं दिली, मग त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आजी न्हाणीत घसरली, हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून तिची कंबर वाकली ती वाकलीच. दवाखाना म्हटलं की आर्वी, नाहीतर थेट वर्धा. बाबा दर वेळी फोनवर सांगत, इकडे या, इथं सगळं जवळ आहे. आजाचं एकच उत्तर. "जवायाच्या घरी मी मराले बी येनार नाई."

तुला हे नवीन नाही. तो आपल्याकडे यायचा तेव्हा वर्ध्याच्या बसस्टँडवर आलूबोंडा खाऊन, नळाचं पाणी पिऊन यायचा. ओसरीतल्या खुर्चीच्या कडेवर बसायचा, पूर्ण टेकायचाही नाही. संत्र्यांची पिशवी माझ्या मांडीवर ठेवायचा. तू ताट वाढून दारात उभी.

"बाबा, दोन घास खाऊन घ्या."

"पोट भरलेलं हाय व माय."

"बसस्टँडवरच्या बोंड्यानं भरते अन् माह्या भाकरीनं नाई भरत?"

"लेकीच्या घरचं खात नसते बाई. आमच्या बापानं नाई खाल्लं."

मग तू ते ताट आत नेऊन असं आदळायचीस की वाटीतलं वरण उडायचं. आणि तो गेल्यावर तेच ताट घेऊन तूच जेवायला बसायचीस. मी तेव्हा समजायचो की आजाला आपल्या घरातली भाजी आवडत नाही.

तर हे घर सुचलं ते मला नाही, बाबांनाही नाही. मावशीला सुचलं. मावशी म्हणजे बाबांची दुसरी बायको. तुझी बहीण वगैरे नाही. ती घरात आली तेव्हा मी सातवीत होतो आणि हिला आई म्हणणार नाही असं ओरडून सांगितलं होतं. तेव्हा तिनंच शांतपणे म्हटलं, "मंग मावशी म्हन. काहीतरी त म्हनावंच लागन न." एकदा जेवताना बाबा म्हातारा ऐकत नाही म्हणून वैतागले होते. मावशी ताटात भात कालवत होती, मान वर न करता बोलली.

"त्यायले जवायाच्या घरात नाई राहाचं न? मंग घरात नका ठेवू. मांगं त्यायचं घर बांधा. दार त्यायचं, चूल त्यायची. आपल्या इथं पाय बी नाई ठेवा लागत."

बाबा तिच्याकडे पाहतच राहिले. "तुले चालते?"

"त्यायच्या पोरीच्या जागेवर आली मी. मलेच त चालाले पाहिजे सगळ्यात आधी."

 मी दुसऱ्या दिवशी आजाला फोन लावला. त्यानं विचारलं, "चूल आपली?" मी म्हटलं, आपली. "दार?" मी म्हटलं, मागच्या गल्लीतून, तुमचं तुम्ही.  मग म्हणाला, "पाहू." पण सोबत अटही घातली. आजीला तिथं स्वतःच्या हातानं रांधता आलं पाहिजे. एक दिवस जरी जवायाच्या घरून ताट आलं, तर दुसऱ्या दिवशी तो पिशवी भरून तळेगावची गाडी धरणार. म्हणजे सगळं घर चुलीवर अडलेलं. हे मला तेव्हाच नीट कळायला हवं होतं.

नकाशा मी काढणार हे न विचारताच ठरलं, कारण घरात तेवढं येणारा मीच. आता माझं सांगतो. नागपूरला सिव्हिल इंजिनीअरिंगला होतो, दुसऱ्या वर्षी सोडलं. वर्गात एक मुलगी होती. कॅन्टीनमध्ये एका पोट्ट्यानं तिचा फोटो मोबाइलवर फिरवला, खाली घाणेरडं लिहून. मी त्याला टेबलावर आडवा केला. तुला आठवत असेल, चौथीत मी एकाला कंपासपेटी फेकून मारली होती, तेव्हा तू मला ओसरीत हात मागं बांधून उभं केलं होतंस. "डोकं तापलं का हात मांगं बांधत जाजो," म्हणाली होतीस. कॅन्टीनमध्ये ते आठवलं, पण त्याचं नाक फुटल्यावर. कॉलेजनं माफीनामा मागितला. मी म्हटलं, देत नाही, आणि बॅग उचलून निघालो. ती होस्टेलच्या गेटवर आली. मला वाटलं रडेल, थांब म्हणेल. तिनं विचारलं, "मी सांगितलं होतं का तुला? माझं मी पाहिलं असतं." एवढं बोलून ती लेक्चरला गेली. ती पास झाली, आता नागपुरात एका ऑफिसात ड्रॉइंगची कामं करते. मी वर्ध्यात एका ठेकेदाराकडे आहे, साइटवर उभा राहतो, लोकांचे छोटे नकाशे काढून देतो. आमचं बोलणं बंद झालेलं नाही. ते बंद झालं असतं तर बरं, असं मावशी म्हणते.

मागच्या वर्षी ती मुलगी मैत्रिणीच्या लग्नाला वर्ध्याला आली, तेव्हा अर्धा तास आपल्या घरीही आली. चहा प्यायली आणि मावशी नको नको म्हणत असताना स्वतःचा कप स्वतः धुतला. उंच आहे ती. कप धुताना वाकावं लागलं तर हसत म्हणाली, "तुमचा ओटा फार खाली आहे हो काकू, माझी तर पाठच जाईल." माणूस ओट्याबद्दल असं सहज बोलतो. पण मी त्या वाक्यावर वर्षभर जगलो, आई. माझी पाठ जाईल म्हणाली, म्हणजे ती या ओट्यापुढे उभं राहायचं मनात आणते, असा हिशेब मी केला. हसू नको.

आणि आजा-आजीचं घर काढताना बाकी सगळं मी बरोबर काढलं. दाराला पायरी नाही, उतार दिला. संडास आत, कमोड, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. फरशी खडबडीत. दार इतकं रुंद की उद्या चाकाची खुर्ची लागली तर आत यावी. रात्री उठलं की हाताला लागेल असं बटण. हे सगळं मी म्हाताऱ्यांसाठी काढलं. आणि ओटा काढला तिच्यासाठी. तिच्या उंचीचा, वर काळा दगड, समोर रुंद खिडकी. मनात म्हणत होतो, पुढं कधीतरी हे घर रिकामं होईल, मग आम्ही दोघं इथं राहू. म्हातारी माणसं राहायला यायच्या आधीच मी ती दोघं गेल्यानंतरचं मांडून बसलो होतो. मिस्तरीनं एकदा विचारलं, दादा, ओटा वर नाही चालला का? मी म्हटलं, तू बांध.

घर उभं झालं तेव्हा दोघांना पाहायला बोलावलं. आजा बसस्टँडवर खाऊनच आला. आधी त्यानं गल्लीकडचं दार पाहिलं. उघडलं, लावलं, कडी घातली, काढली, परत घातली. "दार बरं हाय," म्हणाला. मला वाटलं, झालं काम. तेवढ्यात आजी ओट्यापुढे जाऊन उभी राहिली, आणि तिथं जे झालं ते मी सुरुवातीलाच लिहिलंय. तिनं हात खाली घेतला.

"हे कोनासाठी बांधलं बापू?"

"तुह्यासाठीच, आजी."

"माह्यासाठी? मंग एक शिडी बी घेऊन देजो. शिडीवर चढून फोडणी देईन."

मिस्तरी हसला. आजाही हसला. त्यात वाईट काही नव्हतं, तिला सवयच आहे अशी. पण माझं डोकं फिरलं. हात मागं बांधायचं राहूनच गेलं. समोरचं घमेलं मी लाथेनं उडवलं आणि ओरडलो, "एवढं उन्हात उभं राहून बांधून राह्यलो, तुमाले काईच पटत नाई! नाई जमत त नको रांधू. मावशी देईन न डबा!"

आई, सगळ्या जगात जे वाक्य बोलायचं नव्हतं ते नेमकं बोललो. आजानं टोपी सारखी केली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चाल व," आजीला म्हणाला, "आर्वीची गाडी भेटन अजून." आजीनं जाता जाता माझ्या गालाला हात लावला, आणि ते दोघं त्यांच्याच दारातून गल्लीत उतरून गेले. मावशी चहाचा ट्रे घेऊन आपल्या मागच्या दारात उभी होती. चहा तर कोणी घेणारच नव्हतं, तरी तिनं केला होता.

मिस्तरीला मी घरी पाठवलं. मावशी येऊन रेतीच्या ढिगाऱ्यावर बसली. स्वतः एक कप घेतला, एक मला दिला.

"तो ओटा कोनाच्या उंचीचा हाय, मले मालूम हाय," म्हणाली.

"कोनाच्या?"

"कप धुवून गेलती न ती."

मी कपातल्या चहाकडे पाहिलं.

"तिनं हाव म्हनलं काय तुले?"

"नाई."

"नाई म्हनलं?"

"तसं बी नाई."

"तू इचारलं?"

"नाई."

"मंग आधी पोरीले इचार, मंग ओटा बांध. तू उलटंच करून राह्यला." चहा संपवून ती उठली, साडीची रेती झटकली. "अन् बुढा आता येत नसते. तूच काय ते पाय."

विचारायची हिंमत झाली नाही. मी ओट्याचा फोटो काढला, खिडकीतून ऊन दगडावर पडलेलं होतं, छान आलेला, आणि तिला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. मनात म्हटलं, तिला कळेल. तिचं उत्तर लगेच आलं. "छान झालंय रे. पण आजींना उंच नाही का होणार?"

मी ते किती वेळ वाचत बसलो सांगता येत नाही. ती रागावलेली नव्हती, टाळतही नव्हती. तिनं ओटा पाहिला आणि तिला आजी दिसली. मला वर्षभर त्याच ओट्यापुढे ती दिसत होती. तिच्या डोक्यात मी कुठं उभा आहे हे मला त्या एका ओळीत कळलं, आणि ते तिनं मुद्दाम सांगितलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घण आणला आणि ओटा स्वतः फोडला. काळा दगड सहज फुटत नाही. मावशीनं मधे एकदा पाणी आणून ठेवलं, आणि नाकाला बांध म्हणून तिची जुनी ओढणी दिली. 

मग मी तळेगावला गेलो. आजा अंगणात पेपर डोळ्याला चिकटवून बसला होता, त्यानं पेपर खाली घेतलाच नाही. आजीनं मात्र आत ये म्हटलं. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलो आणि तिला रांधताना पाहत राहिलो. एक गुडघा उभा, एक मांडी घातलेली, समोर परात, बाजूला दोन विटांवर गॅसची शेगडी. डाव्या हातानं पीठ ओढायचं, उजव्यानं भाकर थापायची, आणि मीठ, तिखट, पाणी सगळं तिच्या हाताच्या घेरात. बसून ती राणी होती. उठतानाच सगळा त्रास. उठताना ती भिंतीवर एका ठरावीक जागी तळवा ठेवायची. तिथला चुना काळा पडून गुळगुळीत झालेला होता.

"काय पाहून राह्यला?" ती म्हणाली. "बुढी नाई पाहिली काय कधी? भाकर खाची असन त सांग."

आणि तेव्हा तू दिसलीस मला. आपल्या घरी ओटा होता, गॅस ओट्यावर होता, तरी भाकरी थापायला तू खालीच बसायचीस. असाच एक गुडघा उभा करून. मी तुझ्या पाठीला पाठ लावून गृहपाठ करायचो आणि तू थापत असलीस की माझं अक्षर हलायचं. "नीट बस न आई," मी ओरडायचो. तू म्हणायचीस, "तू लिहून राह्यला का झोके घेऊन राह्यला?" तुझं रागावणं माझ्या लक्षात होतं, आदळलेलं ताट लक्षात होतं. तू बसायचीस कशी, हे मी साफ विसरलो होतो. कॉलेजात ओट्याची जी काय उंची शिकवली ती उभ्या बाईची होती, आणि मी ती पुन्हा माझ्या मतलबानं वाढवली होती.

मी आजीला म्हटलं, जमिनीवर बसणं सोडू नको, फक्त बैठक जरा वर घेऊ, म्हणजे उठायला जोर कमी लागेल. तिला ते पटेना. म्हणून अंगणातल्या विटा आणल्या, त्यावर पाट ठेवला आणि तिला बसवलं.

"कसं वाटते?"

"कोंबडी अंड्यावर बसल्यावानी."

"अजून वर पाहिजे?"

"घे एक वीट."

विटा वाढवल्या, शेगडीही तेवढी वर उचलली. परात मांडीवर घेतली तर हात पोचतो का ते पाहिलं. बैठक एकीकडे डगमगत होती, मी आतूनच ओरडलो, "आजी, थांब, उठू नको, एक वीट आणतो." दारातून हात आला. आजाचा. त्यात वीट होती. "ही घे," म्हणाला. "तू आनली ते फुटकी हाय."

एवढंच बोलला. मग तिथंच दारात उकिडवा बसून राहिला आणि सांगायला लागला. बुढीचा डावा हात कमजोर आहे, धरायचा दांडा उजवीकडे लाव. सिलेंडर माझ्या नावाचं पाहिजे. ती बसल्या जागेवरून गल्लीचं दार दिसलं पाहिजे, कोण आलं ते तिला लागतं. मी खडूनं तिथल्या फरशीवरच सगळं काढून घेतलं. परत येऊन तसंच बांधलं. जिथं तो उंच ओटा होता तिथं आता एक लांब, बुटकी बैठक आहे, तिच्या पुढे शेगडीचा ठेंगणा कट्टा, आणि भिंतीत उजव्या हाताला दांडा. पाहणाऱ्याला वाटतं पोरांच्या खेळण्यातलं स्वयंपाकघर आहे.

परवा ते राहायला आले. आजीनं दूध उतू घातलं, मग रांधायला बसली. आजानं बाबांना फोन केला. भिंतीपलीकडून हाक मारली असती तरी ऐकू आलं असतं, पण नाही, फोनच केला. "जवाईबापू, आज जेवाले इकडं या. बाईलेही आना." बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मागच्या दारातून सांदवाडीतून जायचं तर दहा पावलं, पण ते पुढच्या दारानं निघाले, गल्लीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले. आजा दारात उभाच होता. त्यानं पाय धुवायला पाणी दिलं. "बसा. लाजू नका, सासरवाडी हाय तुमची." माझे बाबा इतके लाजलेले मी कधी पाहिले नव्हते.

मावशी उंबऱ्याबाहेरच थांबली होती, हातात पदराचं टोक. आजी बसल्या जागेवरून तिला पाहत होती.

"आत ये व माय. उंबऱ्यात काऊन उभी?"

"वाढाले लागते मी तुमाले."

"मी वाढते. तू बस. बापाच्या घरी आली न?"

मावशी आली आणि बसली. आजीनं तिच्या ताटात भाकर टाकली, वर वांग्याची भाजी, आणि ती नको म्हणेपर्यंत पुन्हा एक भाकर. मावशी मान खाली घालून जेवत होती. आजा म्हणाला, "पोटभर खाय बाई. लेकीनं बापाच्या घरी लाजाचं नसते." बाबा पाण्याचा पेला हातात घेऊन तसेच बसून राहिले.

खोली लहान आहे. ते चौघं बसल्यावर पाचव्याला जागा नव्हती. मी दांड्याजवळ भिंतीला टेकून उभा होतो, कोणाला काय हवं ते पाहत. कोणाला काही नको होतं. आजी स्वतः वाढत होती, स्वतः उठत होती, दांडा धरून.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून एक सांगून टाकतो. माझा जीव अजून त्या मुलीत आहे, रोज तिचा फोटो उघडून पाहतो, ते काही एक ओटा फोडल्यानं जात नाही. पण परवा त्या खोलीत मी उभा होतो तेवढा वेळ मला तिची आठवण आली नाही. आणि आई, तुझीही आली नाही. तुझी आई, तुझे वडील, तुझा नवरा समोर जेवत होते, आणि तू तिथं नाहीस हे माझ्या लक्षातच आलं नाही. घरी येऊन लक्षात आलं, म्हणून हे लिहायला बसलो.

आजीनं मला विचारलं, "तू जेवत नाई काय बापू?" मी म्हटलं, मागून जेवतो. मावशी आजीला भाजीत काय घातलं ते विचारत होती आणि आजी सांगत नव्हती. मी चपला पायात घातल्या, गल्लीत उतरलो आणि दार ओढून घेतलं.